सर्व्हर नवा, पण पेटी कधीची?

आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण घाबरू नका, त्याचा संबंध आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळेशी आहे.

झालं असं, की निशी-कासाईच्या एका श्रोत्या ताईंनी विचारलं, “आमच्याकडे हे सर्व्हरचं काम करतात. नवे सर्व्हर शनिवारी रात्री बसवायचे असतात, ते मला ठाऊक असतं. पण त्याआधी दोन आठवडे रोज उशीर! विचारलं तर म्हणतात, पॅकेज तयार करतोय, अपडेट आत भरतोय. अहो, पण अपडेट सर्व्हर बसवल्यावर करता येत नाही का? आपण फोनला करतो तसं?”

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. आणि त्याचं उत्तर फक्त तुमच्या घरापुरतं नाही. आपण ज्या रुग्णालयात जातो, ज्या वॉर्ड ऑफिसात पत्ता बदलायला जातो, तिथल्या संगणकांशीही ते जोडलेलं आहे. तर आज तेच बघू.

सुरुवात पेटीपासून करू. सर्व्हर म्हणजे इतर अनेक संगणकांना सेवा देणारा संगणक. त्यावर विंडोज सर्व्हर किंवा लिनक्ससारखी प्रणाली बसवावी लागते. ती ज्या संचातून बसवतात, त्याला इन्स्टॉलेशन पॅकेज म्हणतात. पूर्वी ते सीडीवर यायचं, आता ती एक मोठी फाइल असते. हे पॅकेज ज्या दिवशी बंद झालं, त्या दिवशी त्यातला काळ गोठला. त्यानंतर प्रणालीत जे दोष सापडले, त्यांवर ज्या दुरुस्त्या निघाल्या, त्यांतलं काहीही त्या पेटीत नसतं.

म्हणजे तुम्ही आज नवाकोरा सर्व्हर आणलात, यंत्राला प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा तसंच आहे, पण पॅकेज दोन वर्षांपूर्वीचं वापरलंत, तर तुमचा सर्व्हर दोन वर्षं जुना आहे. यंत्र नवं, पण आतली प्रणाली जुनी. आणि मधल्या दोन वर्षांत त्यातली कुठली दारं उघडी आहेत, हे जगभरातल्या चोरांना पाठ झालेलं असतं. कारण दुरुस्ती जाहीर होते तेव्हा दोषही जाहीर होतो.

इथे जपानमध्ये घर भाड्याने घेताना आपण सगळ्यांनी एक खर्च केलेला आहे, आणि बहुतेकांनी तेव्हा कुरकूरही केली आहे. ‘कागी कोकान’, म्हणजे कुलूप बदलण्याचे पैसे. आधीच्या भाडेकरूकडे किल्लीची नक्कल असू शकते, म्हणून कुलूप बदलायचं. आता विचार करा, हे कुलूप आपण कधी बदलतो? सामान हलवून, महिनाभर राहून मग? नाही. पाऊल टाकण्याआधी. सर्व्हरचंही तेच आहे.

“पण लगेच अपडेट केलं तर तेवढ्या वेळात काय बिघडतं?” असं कोणी विचारेल. याचं उत्तर २००३ साली सगळ्या जगाला मिळालं.

त्या वर्षी २४ एप्रिलला विंडोज सर्व्हर २००३ बाजारात आलं. तीन महिनेही झाले नव्हते, तोच १६ जुलैला मायक्रोसॉफ्टने एका गंभीर दोषावर दुरुस्ती काढली. हा दोष विंडोज २०००, एक्सपी आणि अगदी नव्या सर्व्हर २००३ मध्येही होता. नेटवर्कवरून कोणीही, पासवर्ड न देता, त्या यंत्रात आपला प्रोग्रॅम घुसवू शकत होता. मालकाने काही उघडायची, कशावर क्लिक करायची गरजच नव्हती. यंत्र जोडलेलं असणं पुरेसं होतं.

दुरुस्ती आली, पण अनेकांनी ती लावली नाही. चार आठवड्यांनी, ११ ऑगस्टला, ‘ब्लास्टर’ नावाचा किडा इंटरनेटवर पसरू लागला. तो सोमवार होता, आणि जपानमध्ये तो ओबोनचा आठवडा. अनेक जण गावी गेलेले, कितीतरी कार्यालयं रिकामी. सुट्टीवरून परतलेले लोक पुढच्या सोमवारी, १८ तारखेला, संगणक सुरू करणार, आणि नेमका त्याच दिवशी ‘वेल्चिया’ हा दुसरा किडा त्याच दारातून आत शिरू लागला.

आता त्या दिवसांत नवा सर्व्हर बसवणाऱ्या माणसाची पंचाईत बघा. हातात एप्रिलची सीडी. ती बसवली की दार उघडं. दुरुस्ती हवी तर इंटरनेटला जोडायला हवं. आणि इंटरनेटला जोडलं, की दुरुस्ती उतरायच्या आत किडा आत! पोहायला आल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही, आणि विहिरीत उतरल्याशिवाय पोहणं येत नाही, अशी गत. अमेरिकेतल्या सॅन्स संस्थेचं इंटरनेट स्टॉर्म सेंटर तेव्हा एक आकडा मोजत असे: दुरुस्त्या न लावलेलं यंत्र इंटरनेटला जोडल्यावर पहिला हल्ला होईपर्यंत सरासरी किती वेळ जातो. २००४ साली तो वेळ सुमारे २० मिनिटांवर आला होता. तेव्हाच्या इंटरनेटच्या वेगाने सगळे अपडेट उतरवायला यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

त्याआधी, २००३ च्याच जानेवारीत, सर्व्हरवाल्यांना आणखी एक दणका बसला होता. २५ जानेवारी २००३, शनिवार, जपानमध्ये दुपारचे अडीच. ‘स्लॅमर’ नावाचा किडा सुटला. तो मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या माहितीसाठ्याच्या प्रणालीतून शिरत होता. सुमारे ७५,००० यंत्रं त्याच्या तावडीत सापडली, आणि त्यांतली बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. शेजारच्या दक्षिण कोरियात इंटरनेट ठप्प झालं. आणि त्या दोषावरची दुरुस्ती कधी आली होती? सहा महिने आधी, जुलै २००२ मध्ये!

(संगीत)

तर यावर उपाय काय? उपाय असा, की दुरुस्त्या बाहेरून आणायच्या नाहीत, त्या पेटीतच भरायच्या. म्हणजे सर्व्हर जन्माला येतो तोच दुरुस्त होऊन येतो. विंडोजचं काम करणारे याला ‘स्लिपस्ट्रीम’ म्हणतात.

आमच्या मते हे समजायला चकलीसारखं उदाहरण नाही. चकलीच्या पिठात मोहन कधी घालतो आपण? पीठ भिजवतानाच. कडकडीत तेल पिठाला चोळून घेतलं, की चकली खुसखुशीत होते. मोहन विसरलं आणि चकल्या तळून झाल्या, मग वरून कितीही तेल ओता, चकली तेलकट होईल, खुसखुशीत होणार नाही. काही गोष्टी आधीच आत जाव्या लागतात.

विंडोज सर्व्हर २००३ च्या काळात हे काम असं चालायचं. सीडीवरच्या सगळ्या फाइली संगणकावर एका फोल्डरमध्ये घ्यायच्या. मग दुरुस्त्यांचा मोठा संच, ज्याला सर्व्हिस पॅक म्हणतात, तो चालवायचा. पण चालू यंत्रावर नाही, त्या फोल्डरवर. त्यासाठी आज्ञेत ‘इंटिग्रेट’ हा शब्द जोडायचा. मग फोल्डरमधल्या जुन्या फाइलींच्या जागी नव्या फाइली येतात. त्या फोल्डरवरून नवी सीडी बनवायची. झाली ताजी पेटी तयार.

मार्च २००५ मध्ये सर्व्हर २००३ चा पहिला सर्व्हिस पॅक आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यात एक फार शहाणपणाची सोय ठेवली. सर्व्हिस पॅक आत भरलेल्या पॅकेजातून नवा सर्व्हर बसवला, की तो सुरुवातीला बाहेरून येणारी कुठलीच जोडणी स्वीकारत नसे. पहिल्यांदा लॉगिन केलं की एक खिडकी उघडे: आधी उरलेले अपडेट घ्या, मग दार उघडतो. ते पूर्ण करून खिडकी बंद केल्यावरच दार उघडायचं. या सोयीमागचा विचार आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पेटी कितीही ताजी असली, तरी ती बंद केल्याचा दिवस आणि उघडल्याचा दिवस यांत अंतर राहतंच. म्हणून भरलेल्या पेटीनंतरही एक शेवटची तपासणी लागते.

पुढे पद्धत बदलली. आता विंडोजचं पॅकेज म्हणजे संपूर्ण प्रणालीची एक बांधीव प्रतिमा असते. ‘डिझम’ नावाच्या साधनाने ती प्रतिमा उघडायची, न चालवताच तिच्यात अपडेट घालायचे, आणि पुन्हा बंद करायची. एसक्यूएल सर्व्हरने २०१२ च्या आवृत्तीपासून आणखी सोपं केलं: अपडेट एका फोल्डरमध्ये ठेवा, बसवताना त्या फोल्डरचा पत्ता द्या, तो स्वतःच उचलून घेतो. लिनक्सच्या जगात डेबियन आणि उबुंटूसारखे प्रकल्प ठरावीक काळाने ताज्या दुरुस्त्या भरलेली नवी पॅकेजं स्वतःच काढतात. उबुंटूच्या आवृत्तीच्या शेवटी २४.०४.१, २४.०४.२ असा जो शेवटचा आकडा दिसतो, तो याच ताज्या पेटीचा. क्लाउडवर काम करणारे आधी एक नमुना यंत्र नीट तयार करतात आणि मग त्याच्याच प्रती काढतात. त्या नमुन्याला ते ‘गोल्डन इमेज’ म्हणतात. नावं वेगवेगळी, पण मोहन आधीच घालायचं, हे तत्त्व एकच.

(संगीत)

आता कोणी म्हणेल, हे सगळं वीस वर्षांपूर्वीचं. आता प्रत्येक यंत्रात फायरवॉल असते, कार्यालयात राउटर असतो. २० मिनिटांत किडा येण्याचे दिवस गेले. खरं आहे. पण जपानमध्ये या कामाला आजही महत्त्व आहे, आणि त्याचं कारण इथल्या कामाच्या पद्धतीत आहे.

इथली अनेक महत्त्वाची यंत्रणा इंटरनेटपासून वेगळी ठेवलेली असते. २०१५ साली जपानच्या पेन्शन सेवेतून सुमारे साडेबारा लाख नोंदी चोरीला गेल्या. त्यानंतर नगरपालिका आणि वॉर्ड ऑफिसांमधली नेटवर्कं वेगवेगळ्या कप्प्यांत विभागली गेली. नागरिकांच्या नोंदींचा कप्पा वेगळा, सरकारी कार्यालयांच्या आपसांतल्या कामाचा कप्पा वेगळा, इंटरनेटचा वेगळा. आपण पत्ता बदलायला जातो, तेव्हा खिडकीपलीकडच्या ताई ज्या संगणकावर आपली नोंद बघतात, तो थेट इंटरनेटवर जात नाही. सुरक्षेसाठी हे चांगलं. पण मग त्या कप्प्यात नवा सर्व्हर बसवायचा, तर त्याला अपडेट कुठून मिळणार? बाहेरून तपासून आत नेलेले, किंवा आतल्याच एखाद्या वाटप करणाऱ्या सर्व्हरवर आणून ठेवलेले. अशा ठिकाणी भरलेली पेटी घेऊन जाणं हाच सरळ मार्ग.

आणि बंद कप्प्याचा एक मोठा धोकाही आहे. तो म्हणजे गाफीलपणा. “आपलं नेटवर्क बंद आहे, इथे कोण येणार? अपडेट कशाला हवेत?” ही भावना किती महाग पडते, हे शिकोकू बेटावरच्या एका गावाने भोगलं.

तोकुशिमा प्रांतातल्या त्सुरुगी गावाचं हांडा रुग्णालय. डोंगराळ भागातलं, १२० खाटांचं. ३१ ऑक्टोबर २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथले प्रिंटर आपोआप चालू झाले आणि इंग्रजी धमकीचे कागद बाहेर पडू लागले: तुमची माहिती आम्ही कुलूपबंद केली आहे. सुमारे ८५,००० रुग्णांच्या नोंदी उघडेनाशा झाल्या. कोणाला कोणतं औषध चालू आहे, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, मागच्या तपासणीत काय निघालं, काही दिसेना. नवे रुग्ण घेणं थांबलं. डॉक्टर आणि परिचारिका कागदावर नोंदी करू लागले, रुग्णांना विचारून विचारून इतिहास पुन्हा लिहू लागले. नेहमीचं कामकाज सुरू व्हायला ४ जानेवारी २०२२ उजाडलं. दोन महिने!

या प्रकरणाचा तज्ज्ञांनी केलेला अहवाल २०२२ च्या जूनमध्ये जाहीर झाला, आणि तो वाचण्यासारखा आहे. बाहेरून देखभालीसाठी ठेवलेल्या व्हीपीएन उपकरणात दोष होता. त्यावरची दुरुस्ती २०१९ मध्येच आली होती, पण ती लावलेली नव्हती. आणि आत काय होतं? रुग्णनोंदींचा प्रोग्रॅम नीट चालावा म्हणून संगणकांवरचे विंडोजचे अपडेट बंद ठेवलेले, विषाणूरोधक बंद ठेवलेला. म्हणजे फाटक तुटलं, आणि आतल्या एकाही खोलीला कडी नव्हती.

हे उदाहरण नव्या सर्व्हरच्या बसवणीचं नाही, हे खरं. पण त्यात आपल्या विषयाची खरी कसोटी आहे. एक तर, बसवतानाच जे आत गेलं नाही, ते नंतर आत जाईल याची खात्री नसते. यंत्र एकदा कामाला लागलं की “आता हात लावू नका, चालतंय ते चालू दे” हे वाक्य ऐकू येतं. जपानमध्ये तर फारच. आणि दुसरं, हल्ल्यानंतर सगळे सर्व्हर पुसून नव्याने उभे करावे लागतात. त्या घाईच्या दिवसांत कपाटातून जुनी सीडी काढून बसवली, तर चोर ज्या वाटेने आले तीच वाट आपण पुन्हा बांधून देतो. अशा वेळी कपाटात ताजी, तपासलेली, तारीख घातलेली पेटी असणं म्हणजे काय, हे ज्यांनी असे दिवस काढले त्यांनाच कळेल.

बरोबर एका वर्षाने, ३१ ऑक्टोबर २०२२ ला, ओसाकाच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयावर असाच हल्ला झाला. वाट होती रुग्णांचं जेवण पुरवणाऱ्या कंपनीच्या नेटवर्कातून. एप्रिल २०२३ पासून तर रुग्णालयांच्या व्यवस्थापकांवर सायबर सुरक्षेची जबाबदारी नियमानेच टाकली गेली आहे.

(संगीत)

आता ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. दोन आठवडे उशीर कशाने होतो?

पहिलं काम, मूळ पॅकेज निर्मात्याच्या अधिकृत जागेवरून घेणं, आणि त्याचा ठसा जुळवून पाहणं. प्रत्येक फाइलचा गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा असतो, त्याला हॅश म्हणतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो. निर्मात्याने जाहीर केलेला आकडा आणि आपल्याकडचा आकडा एकच निघाला, तरच पुढे जायचं. इंटरनेटवर ‘सगळे अपडेट भरलेलं तयार पॅकेज, फुकट’ असं कोणी देत असेल, तर त्यात अपडेटशिवाय आणखी काय भरलंय, हे देणाऱ्यालाच ठाऊक. तिथे जायचंच नाही.

दुसरं काम, कोणते अपडेट हवे त्याची यादी आणि क्रम. अपडेट बसवणारी यंत्रणा स्वतःच जुनी असेल, तर आधी तिला अपडेट करावं लागतं, मगच बाकीचे बसतात. क्रम चुकला की पेटी तयार झाल्यासारखी दिसते, पण बसवताना मधेच अडकते.

तिसरं काम, भरणं. हे खरं तर सगळ्यात कमी वेळाचं.

चौथं काम मात्र सगळ्यात मोठं. इथे त्याला ‘केनशो’ म्हणतात, म्हणजे पडताळणी. भरलेल्या पेटीतून एक चाचणीचा सर्व्हर उभा करायचा. त्यावर गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम चालतो का, छपाई होते का, रात्रीची बॅकअप निघते का, बंद करून चालू केला तर उठतो का, सगळं बघायचं. कारण दुरुस्तीतही दोष असतो. ११ जानेवारी २०२२ चे विंडोज सर्व्हरचे अपडेट आठवतात का? ते लावल्यावर कितीतरी कंपन्यांचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉगिनं सांभाळणारे सर्व्हर, पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होऊ लागले. काही ठिकाणी आभासी यंत्रं चालवणारी हायपर-व्ही सुरूच होईना. मायक्रोसॉफ्टला १७ तारखेला तातडीने वेगळी दुरुस्ती काढावी लागली. त्या आठवड्यात कोणी न तपासता ती पेटी भरली असती, तर त्या पेटीतून बसवलेल्या सर्व्हरमागून सर्व्हर तोच आजार घेऊन जन्मला असता. पेटीचा फायदा असा, की सगळे सर्व्हर एकसारखे होतात. तोटाही तोच, की चूकही सगळ्यांत एकसारखी जाते.

पाचवं काम, ‘तेजुनशो’. कामाची पायरीपायरीने लिहिलेली पुस्तिका. कोणती आज्ञा, कोणत्या पडद्यावर काय दिसायला हवं, नाही दिसलं तर कुणाला फोन करायचा. ज्यांनी जपानी गिऱ्हाइकाबरोबर काम केलंय, ते आता हसत असतील. या पुस्तिकेची पानं आणि तिच्यावर होणाऱ्या बैठका, दोन्ही मोजण्यापलीकडे असतात. पण पेटीवर कोणत्या तारखेपर्यंतचे अपडेट भरलेत, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि तेच पुढे कामाला येतं.

आणि मग येते ती शनिवारची रात्र, ‘होनबान’. समजा रात्री ११ ते पहाटे ५ एवढाच वेळ दिलाय आणि सर्व्हर आहेत २०. जुन्या पेटीतून बसवून प्रत्येकावर अपडेट चढवायचे, प्रत्येकाला तीन-चारदा बंद-चालू करायचं, आणि त्यात एखादं अपडेट अर्ध्यात अडकलं, तर पहाटेचे पाच वाजून जातील आणि सोमवारी सकाळी गिऱ्हाइकाच्या काउंटरवर रांग उभी राहील. भरलेल्या पेटीतून तेच काम वेळेत होतं, आणि उरलेला वेळ तपासणीला मिळतो. दोन आठवडे रोजचा उशीर हा त्या एका रात्रीला उशीर होऊ नये म्हणून असतो, ताई.

जपानपुरती एक गंमतही सांगतो. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट सोडते, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० वाजता. तेव्हा जपानमध्ये बुधवारची पहाट असते: उन्हाळी वेळेत २, हिवाळ्यात ३. म्हणजे मंगळवारी रात्री तुम्ही इंटरनेटवरून अपडेट घेत सर्व्हर बसवायला बसलात, तर एकला बसवलेल्या सर्व्हरला जुने अपडेट मिळतील आणि चारला बसवलेल्याला नवे. सगळे भाऊ सारखे दिसायला हवेत, आणि दोन वेगळेच निघाले! पुढे कधी काही बिघडलं, तर फरक शोधता शोधता नाकी नऊ येतात. पेटी आधीच बंद केलेली असली की हा प्रश्नच उरत नाही.

पण पेटी एकदा भरली म्हणजे काम संपलं, असं नाही. ती लोणच्याची बरणी नाही, मुरत ठेवली की चव वाढेल. ती दुधाची पिशवी आहे. तिच्यावर तारीख हवी, आणि तारीख उलटली की नवी आणायला हवी. आज भरलेली पेटी वर्षाने उघडली, तर आपण पुन्हा २००३ च्या त्या सीडीवाल्या माणसाच्या जागी उभे असतो.

(संगीत)

शेवटी घरातल्या गोष्टी. सर्व्हर आपल्या घरी नसतो, पण हाच नियम घरीही लागू पडतो.

जुना लॅपटॉप मंद झाला म्हणून आपण तो ‘रिसेट’ करतो. रिसेट केलेलं यंत्र स्वच्छ असतं, पण ताजं असेलच असं नाही. त्यात राखून ठेवलेली प्रत जर कारखान्यातून निघतानाची असेल, तर यंत्र त्या दिवसाइतकं मागे जातं. म्हणून रिसेटनंतर पहिलं काम अपडेट. सगळे उतरेपर्यंत, आणि ‘आता काही उरलं नाही’ असं यंत्र सांगेपर्यंत, बँक नाही, मायनंबर नाही, कराचा अर्ज नाही. पूर्णच नव्याने बसवायचं असेल, तर कपाटातली जुनी डीव्हीडी नको. मायक्रोसॉफ्टच्या जागेवरून त्या दिवशीचं पॅकेज उतरवून घ्या, ते फुकट मिळतं आणि त्यात बरेच अपडेट आधीच भरलेले असतात. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही ध्यानात असू द्या. घरातला वाय-फाय राउटर नवा आणलात, तर तोही कारखान्यातल्या तारखेचाच असतो. जोडल्यावर आधी त्याचं अपडेट बघा आणि मूळ पासवर्ड बदला.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. सुट्टीत घरी जाताना आपल्यापैकी कितीतरी जण आई-बाबांसाठी लॅपटॉप किंवा टॅबलेट घेऊन जातात. खोकं तसंच बॅगेत टाकतो, म्हणतो तिकडे गेल्यावर करू सेट. तिकडे गेल्यावर पाहुणे, लग्नं, देवदर्शन, आणि निघायच्या आदल्या रात्री घाईघाईने चालू करून दिलेलं यंत्र. अपडेट अर्धे राहिलेले. आपण इकडे परततो, आणि बाबा त्याच यंत्रावर पेन्शनचं खातं उघडतात.

त्यापेक्षा बॅग भरायच्या आठवडाभर आधी इथेच खोकं उघडा. इथलं फायबर वेगवान आहे. सगळे अपडेट उतरवून घ्या, दोन-तीनदा बंद-चालू करून बघा, व्हिडिओ कॉल लावून बघा, अक्षरं मोठी करून ठेवा. एका कागदावर आजची तारीख आणि काय काय केलं ते लिहून खोक्यात ठेवा. ताई, तुमच्याकडचे लोक दोन आठवडे जे करतात ते हेच. फक्त त्यांच्या खोक्यातून बाहेर पडतं ते एखाद्या रुग्णालयाचं, एखाद्या वॉर्ड ऑफिसाचं काम, आणि आपल्या खोक्यातून आई-बाबांचं.

तर मंडळी, पुढच्या वेळी घरी कोणी “पॅकेज भरतोय” म्हणालं, तर जेवण झाकून ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: “पेटीवर तारीख टाकलीत ना?”